आधी ओळख, मग शस्त्र

धर्मगुरूच्या दारी माणसे नाना तऱ्हेचे कागद घेऊन येतात. कोणास बाप्तिस्म्याचा दाखला हवा असतो, कोणास जमिनीच्या उताऱ्यावरील मजकूर समजून घ्यावयाचा असतो, कोणास बँकेची नोटीस वाचून हवी असते. अलीकडे या सर्वांच्या जोडीला इस्पितळाची मोठमोठी पाकिटे येऊ लागली आहेत. आत काळ्या फिल्मा असतात आणि इंग्रजीत छापलेला एक कागद असतो. घरचा मुलगा शिकलेला असला तरी त्या कागदापुढे तोही थबकतो. आम्ही काही वैद्य नव्हे. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो, ईशज्ञान शिकलो. शरीरशास्त्र शिकलो नाही. तथापि शब्दांचा अर्थ लावणे आणि भ्यालेल्या माणसाजवळ बसणे ही दोन्ही कामे आमच्या वाट्याला आलेली आहेत. म्हणून जे आम्हांस कळले नाही, ते आम्ही जाणत्या डॉक्टरांना विचारून घेतले. त्यांतील एक विषय आज वाचकांपुढे ठेवीत आहोत, कारण त्याविषयीच्या गैरसमजापायी आमच्या डोळ्यांदेखत एका घराची फार ओढाताण झाली.

२०२२ सालच्या सुगीनंतर आमच्या धर्मग्रामातील एका शेतकऱ्याच्या कागदावर ‘रिट्रोपेरिटोनिअल मास’ असे शब्द आले. घरातील मंडळींनी त्यांचा अर्थ ‘कर्करोग’ असाच धरला आणि रडारड सुरू झाली. वस्तुतः ‘मास’ म्हणजे केवळ गोळा. तो कशाचा आहे, हे त्या शब्दात सांगितलेले नसते. राहिला पहिला शब्द. तो गोळ्याची जागा दाखवितो, आणि ती जागा नीट समजल्यावाचून पुढील काहीच समजावयाचे नाही.

आपले पोट म्हणजे दोन खणांचे घर आहे असे समजा. मध्ये पर्युदर नावाचा एक पातळ, ओलसर पडदा असतो. पडद्याच्या पुढील खणात जठर, लहान आतडे, यकृत ही मंडळी राहतात. पडद्याच्या मागे, पाठीच्या कण्याला लागून दुसरा खण आहे. तेथे दोन मूत्रपिंडे, त्यांच्या माथ्यावरील अधिवृक्क ग्रंथी, मूत्रवाहिन्या, स्वादुपिंडाचा बहुतेक भाग, उजव्या व डाव्या बाजूचे मोठे आतडे, शरीराची सर्वांत मोठी रोहिणी, तिच्या शेजारची मोठी नीला, मज्जातंतू, लसीका ग्रंथी आणि या सर्वांच्या भोवती चरबी असते. या मागच्या खणालाच डॉक्टर ‘रिट्रोपेरिटोनिअल’ जागा म्हणतात.

या खणाचा एक मोठा दोष आहे. तेथे अडचण झाली तरी ती लवकर बाहेर कळत नाही. हाताला गाठ लागली तर ती आंघोळीच्या वेळी सापडते. घशात झाली तर घास अडतो. येथे मात्र चरबी मऊ असते, समोरची आतडी सरकून जागा देतात, आणि गोळा वाढत राहतो. तो नारळाएवढा किंवा त्याहूनही मोठा होईपर्यंत माणूस शेतात राबत असतो. मग कधी थोडे खाल्ले तरी पोट भरल्यासारखे वाटते, कधी पाठीत किंवा कमरेत मंद दुखते, कधी एका पायाला सूज येते किंवा मांडीत बधिरपणा येतो, कधी मूत्रवाहिनी दाबली जाऊन मूत्रपिंड फुगते. आमचा शेतकरी तर सुगीत सर्वांच्या पुढे होता. त्याचे अंग वाळत होते आणि धोतराची गाठ मात्र सैल बांधावी लागत होती, एवढेच त्याच्या बायकोने पाहिले होते. ती ओढून घेऊन गेली म्हणून त्याची सोनोग्राफी झाली.

पूर्वीच्या काळी या खणात डोकावण्याचा मार्गच नव्हता. इटलीतील पदुआ येथील मोर्गान्यी या वैद्याने १७६१ साली, वयाच्या ७९ व्या वर्षी, रोगांची मूळ स्थाने सांगणारा आपला थोर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात शेकडो रुग्णांच्या आजारांचे वर्णन आहे, परंतु रोगाची जागा कळली ती मृत्यूनंतर देह उघडल्यावर. १८९५ साली जर्मनीत राँटगेन यांना क्ष-किरण सापडले आणि जिवंत माणसाची हाडे दिसू लागली. तरीही मागच्या खणाचे कोडे सुटले नाही. क्ष-किरणांच्या साध्या चित्रात पुढचे आणि मागचे सारे एकावर एक पडते. भिंतीवर दहा माणसांची सावली एकत्र पडावी तसे. विसाव्या शतकाच्या मध्यास डॉक्टर कण्याच्या टोकाजवळून या खणात वायू भरीत आणि मग चित्र काढीत, जेणेकरून अवयवांच्या कडा उठून दिसाव्यात. रुग्णास ते किती क्लेशदायक होत असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

ही अडचण दूर केली ती इंग्लंडमधील गॉडफ्रे हाउन्सफील्ड या अभियंत्याने. ग्रामोफोनच्या तबकड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या ई.एम.आय. या कंपनीत ते नोकरीस होते. माणसाच्या भोवती फिरून निरनिराळ्या बाजूंनी क्ष-किरण सोडावे, आणि गणकयंत्राने हिशेब करून शरीराचा एकेक काप चित्रात मांडावा, ही त्यांची योजना. १९७१ सालच्या ऑक्टोबर महिन्यात लंडनच्या एका इस्पितळात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र निघाले, आणि थोड्याच वर्षांत तीच रीत पोटासाठीही वापरात आली. त्यामागील गणित स्वतंत्रपणे मांडणारे अ‍ॅलन कॉर्मॅक आणि हाउन्सफील्ड या दोघांस १९७९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आज तालुक्याच्या गावीही ज्याचे नाव सर्वांच्या तोंडी आहे, तो हा सी.टी. स्कॅन.

हे यंत्र शरीरातील प्रत्येक पदार्थाला एक अंक देते. पाण्याचा अंक शून्य, हवेचा उणे १०००, चरबीचा साधारण उणे १००, स्नायूचा शून्याच्या वर चाळीस-पन्नास, आणि हाडाचा कित्येक शेकडे. यामुळे मागच्या खणातील गोळा चरबीचा आहे, मांसल आहे की पाण्याने भरलेला आहे, हे चित्रावरून पुष्कळसे सांगता येते. सोनोग्राफीचा मार्ग आतड्यांतील वायू अडवितो, विशेषतः मागच्या खणाकडे जाताना. म्हणून सोनोग्राफीत गोळा दिसला की पुढची पायरी बहुधा सी.टी. स्कॅन हीच असते.

आमच्या शेतकऱ्याबरोबर आम्ही त्या दिवशी गेलो होतो. आधी रक्त घेऊन मूत्रपिंडांचे काम ठीक आहे ना हे पाहिले, कारण शिरेतून आयोडीनयुक्त औषध द्यावयाचे असते आणि दुर्बळ मूत्रपिंडांस ते सोसेलच असे नाही. पूर्वी अशा औषधाने अंगावर पुरळ किंवा धाप आली होती काय, हेही विचारले. औषध शिरेत जाताना अंगात ऊब पसरते, त्यास भिऊ नये असे नर्सने समजावून सांगितले. मोठ्या कंकणासारख्या यंत्रातून तो फळीवर पडून आत-बाहेर झाला. चित्रे काढण्याचे प्रत्यक्ष काम काही मिनिटांतच आटोपले.

नंतर तेथील डॉक्टरीण बाईंनी आम्हांस पडद्यावर सारे दाखविले. डावे मूत्रपिंड आपली जागा सोडून पुढे आणि मध्याकडे ढकलले गेले होते. “फादर, पुढचा पाहुणा मूत्रपिंडाला मागे रेटील, हा त्याला पुढे रेटतो आहे. म्हणजे हा मागच्या खणातलाच,” असे त्या म्हणाल्या. मग तो मूत्रपिंडातून निघाला आहे की केवळ त्याला टेकला आहे, हे त्यांनी कडा पाहून ठरविले. अवयवातूनच गाठ निघाली असेल तर तिच्याशी मिळणारी त्या अवयवाची कड चोचीसारखी टोकदार होते. नुसती शेजारी असेल तर कड बोथट राहून दबते. गोळ्याचा पुष्कळ भाग चरबीच्या अंकाचा होता, परंतु मध्ये एक घट्ट, मांसल तुकडा होता. मोठी रोहिणी मोकळी होती. उजवे मूत्रपिंड उत्तम काम करीत होते. ही गोष्ट फार महत्त्वाची, कारण पुढे डावे काढावे लागले तर माणसाला एकावर जगावयाचे असते. छातीचेही चित्र काढले, कारण अशा रोगाचे बी बहुधा फुप्फुसात जाऊन पडते.

इतके सारे दिसूनही बाईंनी कागदावर रोगाचे नाव पक्के लिहिले नाही. काही शक्यता लिहिल्या आणि सुईने तुकडा काढून तपासावा असे सुचविले. मंडळींस वाटले, यांना कळलेच नाही. खरे पाहता येथेच त्यांचे शहाणपण होते. मागच्या खणात अनेक जातींच्या गाठी होतात आणि चित्रात कित्येक एकमेकींसारख्या दिसतात. चरबीपासून किंवा स्नायूपासून होणारा सार्कोमा असू शकतो. लसीका ग्रंथींचा लिम्फोमा असू शकतो. मज्जातंतूच्या आवरणाची निरुपद्रवी गाठ असू शकते. दुसऱ्या अवयवातील कर्करोग तेथे आलेला असू शकतो. आपल्या देशात तर कण्याच्या क्षयरोगाचा पू कमरेच्या स्नायूत उतरून गोळ्यासारखा दिसू शकतो. या प्रत्येकाचा उपचार निराळा आहे. सार्कोमाला मुख्य उपाय शस्त्रक्रियेचा. लिम्फोमा औषधांनी विरघळतो, त्यासाठी पोट कापून गोळा काढण्याची गरज बहुधा नसते. क्षयाला क्षयाची औषधे. नाव चुकले तर उत्तम शस्त्रवैद्याचे श्रमही वाया जातात.

सुईचे नाव काढताच घरात वादळ उठले. शेतकऱ्याची बायको आमच्याकडे आली आणि म्हणाली, “फादर, आमच्या मावशीच्या गाठीला हात लावला आणि ती पेटली. आता ह्यांच्या गाठीला सुई लावू देऊ काय? त्यापेक्षा एकदम कापून टाकू देत, नाही तर आहे तशी राहू दे.” तिचा दीर म्हणत होता, ओळखीच्या एका डॉक्टरने परवाच्या परवा पोट उघडून देण्याची तयारी दाखविली आहे, उगाच तपासण्यांत पैसा का घालवावा? घरात दोन तट पडले, आणि मधोमध तो बिचारा माणूस मुकाट बसून होता.

मावशीची हकीकत आम्हांस ठाऊक होती. २०११ साली तिच्या पोटात गोळा आढळला. सोनोग्राफीवरून तो गर्भाशयाजवळचा असावा असे धरून एका लहान इस्पितळात तिचे पोट उघडले. आत पाहतात तो गोळा पडद्यामागचा आणि मोठ्या शिरांना चिकटलेला. निघाला तेवढा तुकड्या-तुकड्यांनी काढला, उरलेला तसाच राहिला. दीड वर्षात तो पुन्हा वाढला आणि तिने प्राण सोडला. गावाने निष्कर्ष काढला की गाठीला हवा लागली. आम्ही त्या बाईंना एवढेच म्हणालो की, “बाई, मावशीच्या गाठीला सुई लागलीच नव्हती. तिची गाठ हवेने वाढली नाही. ती आत राहिली म्हणून वाढली. आत काय आहे ते आधी पाहिले नाही, ओळखले नाही, आणि एकदम शस्त्र चालविले. तुम्ही ज्याला भिता आहात ते सुईमुळे घडले नाही, सुई न लावता घाई केल्यामुळे घडले.”

सुईविषयी आम्ही मुद्दाम तज्ज्ञांस विचारले. गाठीतील पेशी सुईच्या वाटेवर सांडून तेथे रोग उगवणे शक्य आहे काय? शक्य आहे, परंतु नीट केलेल्या तपासणीत ते अत्यंत विरळ आहे, असे त्यांनी सांगितले. आणि अशा रुग्णांच्या मोठ्या पाहण्यांत सुईमुळे आयुष्य घटल्याचे दिसून आलेले नाही. नीट केलेली म्हणजे कशी? सी.टी.च्या चित्रावर नजर ठेवून, पाठीच्या किंवा कुशीच्या बाजूने सुई नेतात, म्हणजे मधला पडदा ओलांडून पुढच्या खणात जावे लागत नाही. एक जाड पोकळ सुई गाठीत पोहोचली की तिच्याच आतून दुसरी सुई घालून तीन-चार बारीक तुकडे काढतात. प्रत्येक तुकड्यासाठी नवे भोक पडत नाही. जागा बधिर केलेली असते. तुकडे घेताना गोळ्याचा जो भाग सर्वांत घट्ट दिसतो तेथूनच घेतात, कारण नुसत्या चरबीचा तुकडा आला तर रोगाचे खरे रूप झाकलेले राहते. अगदी बारीक सुईने थोडे पाणी व पेशी ओढून घेण्याची जी साधी तपासणी आहे, ती या जागेच्या सार्कोमासाठी पुरत नाही.

सुई लावू नये असेही प्रसंग आहेत, आणि ते ओळखणे तज्ज्ञांचे काम आहे. गाठ मूत्रपिंडातूनच निघालेली आहे असे चित्रात स्पष्ट दिसले, तर पुष्कळदा सुईवाचूनच शस्त्रक्रिया ठरवितात. काही गाठी रक्तदाब भडकविणारे रस सोडतात. ज्यास अधूनमधून छातीत धडधड, दरदरून घाम आणि डोकेदुखी होते, त्याचे रक्त किंवा चोवीस तासांची लघवी आधी तपासावी लागते. न तपासता सुई लावल्यास रक्तदाब एकाएकी जिवावर बेतण्याइतका चढू शकतो. तरुण मुलाच्या या खणात गाठी असतील, तर मूळ अंडकोषातही असू शकते. तेथील गाठ मुले लाजेपोटी लपवितात. डॉक्टरांनी ती तपासणी सुचविली तर मुलाला बाजूला घेऊन समजावून सांगावे. त्या रोगाची खूण रक्तात सापडू शकते, आणि तो वाढलेला असतानाही औषधांनी पुष्कळदा बरा होतो. लहान बालकांच्या पोटातील गोळ्यांची वाट तर सर्वस्वी निराळी. त्यांना बालकर्करोगाच्या तज्ज्ञाकडेच न्यावे.

शेवटी मंडळी राजी झाली. मोठ्या शहरातील केंद्रात सुई झाली. त्या वॉर्डात शेजारच्या खाटेवर गोव्याकडचा एक तरुण होता. त्याच्या कागदावरही तेच दोन शब्द होते आणि गोळाही जवळजवळ तेवढाच होता. दोन्ही घरच्या बायका एकमेकींचा डबा वाटून घेत आणि आपले दुःख एकच आहे असे म्हणत. तुकड्यांचा निकाल आला तेव्हा तरुणाच्या रोगाचे नाव लिम्फोमा निघाले. त्याला शस्त्रक्रिया नाही, शिरेतून औषधे सुरू झाली. आमच्या शेतकऱ्याचा निघाला चरबीपासून होणारा लायपोसार्कोमा. तुकड्यातील पेशींत एम.डी.एम. २ नावाच्या जनुकाच्या प्रती फाजील वाढल्या आहेत काय, याची वेगळी तपासणी करून ते नाव पक्के केले. कागदावर शब्द तेच, खाटा शेजारी-शेजारी, आणि वाटा मात्र दोन दिशांना गेल्या. त्या दिवशी दिराने आम्हांस बाजूला घेऊन विचारले, “फादर, परवाच्या परवा कापले असते तर?” आम्ही उत्तर दिले नाही, त्याला ते मिळालेले होते.

शस्त्रक्रियेपूर्वी शस्त्रवैद्य, चित्रे वाचणारे, पेशी तपासणारे आणि किरणोपचार करणारे असे सारे डॉक्टर एकत्र बसले. अशा गाठीत पहिली शस्त्रक्रिया हीच सर्वांत मोलाची संधी असते. गोळा अखंड, न फोडता, चिकटलेल्या अवयवांसह निघाला पाहिजे. २०२३ सालच्या आरंभी त्याचा गोळा डाव्या मूत्रपिंडासह आणि मोठ्या आतड्याच्या एका भागासह एकसंध काढला. कोणते अवयव जातील हे चित्रावरून आधीच ठाऊक असल्याने घरच्यांस त्याचा धक्का बसला नाही. आम्ही रुग्णाभ्यंग संस्कार देऊन त्याला आत पाठविले होते. तेव्हा तो शांत होता, कारण आपल्याला काय झाले आहे हे त्याला नावानिशी कळलेले होते. हा रोग परत येऊ शकतो, आणि कित्येकदा बऱ्याच वर्षांनी येतो, हेही त्याला स्पष्ट सांगितले आहे. म्हणून ठराविक महिन्यांनी तो पुन्हा त्या कंकणातून जातो. प्रत्येक वेळी आदल्या रात्री त्या घरी कोणास झोप येत नाही. आजवरची चित्रे स्वच्छ आली आहेत.

आता कुटुंबप्रमुखांसाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. इस्पितळातून केवळ कागद आणू नये, स्कॅनची सीडी मागून घ्यावी. दुसरा डॉक्टर कागद वाचीत नाही, तो चित्रे पाहतो, आणि सीडी असेल तर पुन्हा स्कॅनचा खर्च व किरणांचा मारा वाचू शकतो. तुकड्याचा मेणातील ठोकळाही जपून ठेवावा. सार्कोमा हा रोग विरळ आहे. प्रौढांच्या शंभर कर्करोगांत सुमारे एक, आणि त्यातलाही थोडाच भाग या मागच्या खणात होतो. म्हणून ज्या केंद्रात असे रुग्ण नित्य येतात तेथेच जावे. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून कर्करोगाचे काम करीत आहे, आणि २०१२ पासून देशातील अनेक कर्करोग केंद्रे राष्ट्रीय जाळ्याने जोडली गेली आहेत. आपल्या जवळचे केंद्र कोणते ते विचारून घ्यावे. २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान योजनेत पात्र कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत इस्पितळातील उपचारांची सोय आहे. ते कार्ड आजार येण्यापूर्वीच काढून ठेवावे.

आणि शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी तीन प्रश्न नम्रपणे, परंतु न भिता विचारावेत. गोळा पडद्याच्या पुढे आहे की मागे? त्याचे नाव तुकडा तपासून कळले आहे काय, आणि नसल्यास का नाही? तो अखंड काढता येईल असे चित्रावरून वाटते काय? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळावयास दोन-तीन आठवडे लागले तरी घाबरू नये. अशा गाठी बहुधा कित्येक महिने, कधी वर्षे, मुकाट्याने वाढलेल्या असतात. नीट ओळख करून घेण्यात गेलेले ते दिवस वाया जात नाहीत. वाया जातात ते भीतीपोटी घरी बसून काढलेले महिने, आणि ओळख न करता उघडलेले पोट.